पिवळ्या मोज्याचा नियम

तीर्थस्वरूप आत्यास,

डोकं ठिकाणावर असेल त्या क्षणी केलेला नमस्कार पोचावा. आज शनिवार असावा. (तुझी भाचेसून रविवार म्हणते. कॅलेंडरचं या महिन्याचं पान ठकूने कुठेतरी नेऊन ठेवलंय, त्यामुळे वाद मिटत नाही.) तुझे गुडघे कसे आहेत? जिने चढता येतात का? आमच्याकडे तीन मजले चढावे लागतात म्हणून नव्हे, सहज विचारतो.

तुला कळवायचं राहिलं, आम्हा दोघांनाही नोकऱ्या लागल्या, त्याही एकाच सोमवारी. वर्षभर कोणाला एक लागत नव्हती, आणि लागल्या त्या जोडीने. ती चष्म्याच्या भिंगांच्या कारखान्यात तपासनीस आहे; केसाएवढा ओरखडा तिच्या नजरेतून सुटत नाही. मी शहराच्या बसगाड्यांची वेळापत्रकं लावतो. दोनशे गाड्यांपैकी कोणती किती वाजता कुठे असावी, हे मी सांगू शकतो. ठकूला साडेपाचला पाळणाघरातून कोणी आणावं, हे मात्र मला जमेना. पहिल्या दोन आठवड्यांत दोनदा आम्हा दोघांनाही वाटलं की दुसरा गेला असेल. (तिला भिंगांच्या खोलीत फोन नेता येत नाही, आणि माझा फोन हल्ली ठकूच्या खेळण्यांत असतो.) पाळणाघराच्या बाई शांत आहेत, पण त्यांचा नियम दारावरच चिकटवलाय: तीनदा उशीर झाला की मुलाची जागा गेली. जागा गेली की आमच्यापैकी एकाची नोकरी गेली. कोणाची, हा विषय आम्ही अजून काढलेला नाही. आम्ही फक्त एकमेकांना जरा जास्तच आग्रहाने वाढतो.

म्हणून मी एक नियम काढला. तू विणून पाठवलेल्या पिवळ्या मोज्यांपैकी एक पहिल्याच आठवड्यात हरवला होता. (तुला कळवलं नाही. वाईट वाटलं असतं.) उरलेला मोजा ज्याच्या बॅगेत, त्याने त्या दिवशी ठकूला आणायचं. रोज सकाळी ठरवून मोजा बॅगेत टाकायचा. आठ दिवस हे इतकं झकास चाललं की मी ऑफिसातही तसंच काहीतरी सुचवणार होतो. पण ठकूचं वय सध्या दीड वर्ष आहे, आणि तिचा मुख्य उद्योग म्हणजे एका वस्तूत दुसरी वस्तू घालणे. मंगळवारी तिला हरवलेला मोजा तांदळाच्या डब्यात सापडला. (म्हणजे तिला तो कुठे आहे हे पहिल्यापासून ठाऊक असणार.) तो तिने माझ्या बॅगेत घातला, नेमलेला मोजा तिच्या आईच्या बॅगेत होताच. पाच वाजता मी बॅग उघडली आणि दुपारच्या गाड्या अर्ध्यावर सोडून धावलो. पाळणाघराच्या फाटकाशी आम्ही दोघं दोन दिशांनी धापा टाकत पोचलो, दोघांच्या हातात एकेक मोजा. बाई म्हणाल्या, "आज मिरवणूक आहे का?"

त्या दिवशी घरी आल्यावर आम्ही शहाणपणा केला. दोन्ही मोजे एकमेकांत गुंडाळून त्यांचा गोळा केला. आता दोन बॅगांत दोन मोजे जाणं शक्यच नव्हतं. गुरुवारी गोळा माझ्या बॅगेत टाकल्याचं मला पक्कं आठवतं. पाच वाजता बॅगेत नव्हता. म्हणजे ती नेणार, असं समजून मी निवांत चहा घेतला. तिच्या बॅगेतही नव्हता, म्हणून तिने वाटेत भाजी घेतली. सव्वासहाला दोघं घरी भेटलो तेव्हा माझ्या हातात काही नव्हतं आणि तिच्या हातात कोबी होता. तसेच कोबीसकट आम्ही पाळणाघराकडे धावलो. ठकू बूट घालून दाराशी स्टुलावर बसली होती, मांडीवर तिची छोटी पिशवी. रडत नव्हती. रडली असती तर बरं झालं असतं. मला फार लाज वाटली. बाईंनी तिच्या पिशवीतून पिवळा गोळा काढून माझ्या हातावर ठेवला. नियमाप्रमाणे त्या दिवशी ठकूने ठकूला आणायचं होतं.

तिसरा उशीर झाला होता. पण बाईंनी एका अटीवर जागा ठेवली. अट पूर्ण केली आहे, तेव्हा काळजी नसावी. बाकी सर्व क्षेम. माया आहेच, ती आम्हाला सध्या पुरवून वापरावी लागते.

तुझा भाचा

ता. क. अट अशी की, आम्हा दोघांखेरीज घरातलं तिसरं जबाबदार माणूस लिहून द्यायचं, जे एक तारखेपासून रोज साडेपाचला हजर असेल. बाई समोर उभ्या होत्या, पेन त्यांनीच दिलं, आणि जबाबदार म्हटल्यावर आम्हाला एकच नाव आठवलं. फोन करणार होतो, पण फोनवर तू मध्येच बोलतेस.

आणखी एक. तुझ्या भाचेसुनेनेही तुला हेच पत्र काल वेगळं पाठवलंय, असं आत्ता कळलं. दोन पत्रं आली तरी एकदाच ये.

शेवटचं. पाकीट चिकटवायला घेतलं तर आत एक पिवळा मोजा निघाला. आम्ही दोघांनीही घातलेला नाही. काढणार होतो, पण ठकू समोर उभी राहून बघत होती, म्हणून राहू दिला. नियम तुला माहीत आहेच.