वाकडा कोपरा सरळ केल्याबद्दल

ती. अँब्रोजमामांना,

डेस्मंडचा वाकून नमस्कार. (सध्या ताठ उभं राहण्याइतकी हिंमत माझ्यात नाही.) गुडघा कसा आहे? आई रोज समुद्रावर फिरवते की नुसता कोबी उकडून घालते? दोन्ही सोसा, पण घाईनं परत येऊ नका. आपला पब 'तीन कावळे' ज्या विश्वासानं माझ्यावर सोपवून गेलात, त्याविषयीच लिहायचं आहे, आणि लाजेनं पेन पुढं सरकत नाही.

निघताना तुम्ही म्हणाला होतात, बिअर सोडून कशालाही हात लावू नकोस. मी फक्त बिलियर्डचं एक जुनं टेबल आणलं. (टेबल आणणं म्हणजे घराला हात लावणं नव्हे, अशी माझी समजूत.) पण आपला रस्त्याकडचा कोपरा खचलेला, त्यामुळे कुणी कसाही फटका मारला तरी सगळे चेंडू तिकडेच पळायचे. लोक हसायला लागले. टेबलाच्या पायाखाली लाकडाचा तुकडा सरकवावा, हे एखाद्या शहाण्याला सुचलं असतं. मी ट्रॅक्टरचा जॅक मागून आणला, कोपऱ्यातल्या तळच्या तुळईखाली लावला आणि रोज थोडाथोडा फिरवत गेलो.

मामा, त्या तुळईवर खांब, तिच्यावरच जमिनीच्या फळ्या, आणि सगळा सांगाडा खुंट्यांनी एकमेकांत अडकवलेला. एक कोपरा उचलला की छपरापर्यंत सगळं कुरकुरत उठतं, हे मला कुडाचा गिलावा एका पाहुण्याच्या मटणात पडला तेव्हा कळलं. (मीठ जास्त झालंय एवढंच ते म्हणाले.) घर सरळ झालं आणि घरातलं बाकी सगळं वाकडं ठरलं. दारं सगळी जुन्या उताराला जुळवून तासलेली, ती होती तिथं रुतली. बाहेरचं दार नशिबानं उघडं असताना रुतलं. रोज प्यायला येणाऱ्या ग्विलियम आजोबांच्या खुर्चीचे दोन पाय तुम्ही उतारासाठी कापून दिले होते. ते बसले ते थेट शेकोटीत. (विझलेली होती.) राख झटकत म्हणाले, "तुझ्या मामाच्या राज्यात मी इथं पिऊनसुद्धा कधी पडलो नाही. आज पिण्याआधीच पडलो." आणि समोरच्या पबमध्ये गेले. मागोमाग बाकीचेही.

मामी त्या वेळी वर झोपायच्या खोलीत चादरी बदलत होती. अजून तिथंच आहे. दार हलत नाही आणि खिडकी तिच्या मापाची नाही. (हे तिचं म्हणणं, माझं नव्हे.) शिडीवर चढून मी टोपलीतून जेवण देतो, आणि ती माझ्याकडे न बघता घेते. फार लाज वाटते, मामा. पण काळजी नको, उद्या सुतार दार कापणार आहे. तुम्ही निवांत विश्रांती घ्या.

तुमचा नालायक भाचा,
डेस्मंड

ता. क. पत्र टाकायचं राहिलं. सुतार आला आणि गेला. दाराला करवत लागली तर आपण खाली येणारच नाही, असं मामीनं आतून बजावलं.

पुन्हा ता. क. मी जॅक उतरवू का, असं शिडीवरून विचारलं. "तू नको," ती म्हणाली. मग म्हणाली, "हे दार अँब्रोजनं लग्नाआधी स्वतः रंधा मारून बसवलंय. मला गार वारा लागू नये म्हणून तासत तासत जुळवलंय. त्याला लिही, लंगडत आलास तरी चालेल, पण कोपरा तूच खाली घे."

मामा, या. मी स्टेशनवर घ्यायला येतो, शिव्या तिथंच द्या. मामी केस विंचरून बसली आहे.