अक्काच्या काठ्या सुभद्रेच्या मापाच्या करताना

प्रिय अक्का,

तुला अक्षर लागत नव्हतं. शाळेत शिकवायला म्हणून मी तुझ्या घरी राहायला आले तेव्हापासून लातूरहून अण्णांचं पत्र आलं की मीच तुला वाचून दाखवायचे आणि तू भाकरी थापता थापता म्हणायचीस, "हळू वाच गं गिरजे, गाडी सुटून राहिली का तुझी?" म्हणून आज लिहिता लिहिता प्रत्येक ओळ मी पुटपुटतेही आहे. हळूच. ऐकतेस ना?

आजच लिहायला बसले, कारण उद्या सकाळच्या गाडीनं आम्ही चौघी पुन्हा सिकंदराबादला निघालो आहोत, गोल्फ खेळायला. आणि तिथे पोचल्याबरोबर तुझ्या तिन्ही काठ्या कापून आखूड करून घ्यायच्या आहेत.

लिहून टाकलं एकदाचं! दुपारपासून हेच वाक्य मी टाळत होते. आधी पेटी भरली, मग शाळेतल्या मुलींच्या पाट्या पुसून रचून ठेवल्या, मग आत्याच्या, तुझ्या सासूच्या, पायाला तेल लावलं. मला तू ओळखतेसच.

लोकांना वाटतं, हा साहेब लोकांचा खेळ आपल्या घरात मी आणला, शिकलेली म्हणून. किती खोटं! आपल्या अख्ख्या घराण्यात शाळेत गेलेली पहिली मुलगी मी असेन, पण गिरणीमागच्या माळावर आधी गेलीस ती तू. मॅनेजरांच्या खुर्शीदबाई तिथे एकट्याच चेंडू मारत असायच्या. तू दाजींचा डबा पोचवून येताना रोज थांबून बघायचीस. एक दिवस तुला राहवलं नाही.

"बाई, तुमचा दांडू लई लांब हाय, पर विटी कुठं उडते ते तुमालाच ठावं न्हाई. द्या इकडं."

लातूरला अण्णांच्या आडतीच्या अंगणात चुलतभावांना विटीदांडूत हरवणारी तू! चेंडू बाभळींच्या पलीकडे गेला. खुर्शीदबाई आ वासून बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "ए बाई, तू उद्या पण ये. येशील ने?" तू गेलीस. मग मला ओढून नेलंस. मग स्टेशनमास्तरांच्या कमळाबाईंना. त्या सोवळ्याच्या बाई, चेंडूला हात लावण्याआधी विचारायच्या, "हा चामड्याचा नाही ना हो?"

आणि मग ती सिकंदराबादची पहिली सहल! अक्का, त्या सहलीची आठवण काढली की अजून माझं पोट दुखतं हसून. गाडीत तू धपाटे आणि ठेचा उघडलास, खुर्शीदबाईंनी अंड्याचा डबा उघडला, आणि कमळाबाई मुदखेड येईपर्यंत खिडकीबाहेर तोंड काढून बसल्या. शेवटी भूक लागली तेव्हा म्हणाल्या, "गाडीत सोवळं नसतं म्हणे." आणि तुझे धपाटे त्यांनीच संपवले.

काठ्या करून देणारे ते म्हातारे मिस्त्री आठवतात? प्रत्येकीचं वेगळं माप घ्यायचे. ताठ उभं करायचे, हात सैल सोडायला लावायचे आणि मनगटापासून जमिनीपर्यंत फीत सोडायचे. मग पंजा कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवायचे, म्हणजे मुठीला चामडं किती जाड गुंडाळायचं ते कळतं. माझा पंजा बघून म्हणाले, "ये तो बच्चे का हात है." तुझा बघून नुसती मान डोलावली.

तुझं मनगट मोजायच्या वेळी ते म्हणाले, "अम्मा, चूड्यां निकालो."

तू हात मागे घेतलास. "बांगड्या न्हाई निघनार. त्यांच्यासकट माप घ्या."

"चूड्यां बजते, अम्मा. ध्यान बटता."

"मग बजू द्या की! मला आवाज झाला तर चेंडूला कामून भ्यावं लागतंय?"

मिस्त्री हसले. "हौ, चूड्यां बी हातकाच वजन है," म्हणाले आणि तुझ्या काठीचं टोक जरा जड ठेवायचं ठरवलं. बांगड्या भरलेल्या हातासाठी केलेली काठी साऱ्या हैदराबाद संस्थानात तुझीच असेल!

काठ्या तयार होऊन आल्या त्या दिवशी आपण नव्या कॅनव्हासच्या बुटांत छावणीतल्या मैदानावर उतरलो. खुर्शीदबाईंनीच ते बूट आपल्याला घ्यायला लावले होते. त्यांचा पहिला फटका सरळ गेला. माझा चेंडूच्या डोक्यावरून घसरला. कमळाबाईंचा हवेतच राहिला. आणि तुझाही फसला! तू कधी चुकायची नाहीस आणि तुझा चेंडू चार हात घरंगळून थांबला. तिथल्या बायका छत्रीखाली बसून बघत होत्या. त्यांतली एक हसली, ते मला ऐकू आलं आणि मला जमिनीत शिरावंसं वाटलं.

माझा स्वभाव असा, की चूक झाली की ती कुठून सुरू झाली ते शोधत मागे मागे जायचं. तशी मी मनातल्या मनात मागे गेले आणि मिस्त्रींच्या दुकानाच्या उंबरठ्यापाशी अडकले.

"अक्का, आपण दुकानात शिरताना चपला बाहेर काढल्या होत्या."

"मग? कुनाच्या घरात पायताण घालून जायचं असतंय व्हय?"

"आपलं माप अनवाणी झालं. आता बुटांमुळे आपण उंच झालोय. काठ्या आखूड पडतात."

खुर्शीदबाईंनी कपाळावर हात मारला. "अरे, मी तर बूट घालूनच आत गेली! मला काय माहीत तुम्ही देवळात आल्यासारखा उभा हाय!"

कमळाबाई रडकुंडीला आल्या. मी म्हणाले, परत जाऊ, काठ्या बदलून घेऊ. आणि तू? तू तिथेच, त्या साऱ्या बायकांसमोर, गवतात बसकण मारलीस आणि बुटांच्या नाड्या सोडायला लागलीस.

"काठी बदलायची कामून? बूट काढ."

"अक्का, लोक बघताहेत! आणि सराटे असतील इथे."

"लातूरच्या माळावर काय गालिचा अंथरला व्हता तुज्यासाठी? काढ म्हनते ना."

आपण तिघी अनवाणी खेळलो. लुगड्याचा काष्टा घट्ट, पदर कमरेला, गळ्यातल्या लिंगाची चांदीची डबी तू चोळीत खोचलेली. काठी जमिनीला नेमकी टेकली आणि तुझा चेंडू सुटला, बांगड्या वाजल्या. छत्रीखालची ती हसणारी बाई उठून उभी राहिली. दुसऱ्या दिवशी तीच येऊन विचारत होती, ही काठी कुणाकडून करून घेतलीत?

त्याच दिवशी माझा पाय लागून चेंडू जरासा हलला होता. मी तो एक फटका वाढवून सांगितला. तू डोळे मोठे केलेस. "कुनी बघितलं का?" मी म्हणाले, "मी बघितलं." "मग सांग बाई सांग, मुन्सफीन झालीस तू!" त्या एका फटक्यानं आपण हरलो. पण गाडीत बसल्यावर तू साऱ्या डब्याला सांगत होतीस, "ही माजी धाकटी बहीन. हिला खोटं खेळता येत न्हाई." एवढ्या मोठ्यांदा सांगायची काय गरज होती गं? मी लाजेनं खिडकीकडे तोंड केलं. वळून तुझ्याकडे बघायला हवं होतं.

एका गोष्टीचा मात्र मला तुझ्यावर राग आहे. मुदतीचा ताप अंगात असताना तू मला शाळेत पाठवत राहिलीस. "बरी हाय मी, जा तू, पोरी खोळंबल्या असतील." बरी कुठे होतीस? मला खोटं खेळता येत नाही म्हणून सगळ्यांना सांगणारी तू, माझ्याशी एवढं खोटं कशी बोललीस?

तू गेल्यावर आत्यानं रीतीप्रमाणे तुझ्या वस्तू वाटल्या. सवाष्ण गेलेलीस, लुगडी मागायला बायका आपण होऊन आल्या. तुझी हिरवी इरकल तुझ्या धाकट्या जावेला, सुभद्रेला मिळाली. पण काठ्यांपाशी येऊन आत्या थांबली. हातात एक काठी धरून तिनं मला विचारलं, "गिरजे, ही कुनाला द्यावी गं? कोनच्या सवाष्णीला चालतंय हे?"  दाजींनी काठ्या घेतल्या आणि देवघराबाहेरच्या खुंटीला टांगल्या. खंडेनवमीला आत्यानं विळी, कोयता, दाजींची दौत यांच्या ओळीत त्या मांडल्या, हळदकुंकू वाहिलं. त्या दिवसापासून तुझ्या काठ्या देव झाल्या. जाता येता आम्ही नमस्कार करायचो. माळावर मात्र कुणी जाईना.

संक्रांतीनंतर खुर्शीदबाईंकडे छावणीतून निरोप आला, यंदाही या. त्यांनी आम्हाला बंगल्यावर बोलावलं, चहा दिला आणि म्हणाल्या, "पण चौघी पाहिजे. तीन बायकांनी जोडी कशी लावायची? अक्काविना मला तर मजा पण नाही. मी 'नाही' म्हणून कळवते." कमळाबाईंनी पदरानं डोळे पुसले. आणि मी, जी सगळ्यांच्या होला हो करते, ती म्हणाले, "कळवू नका. चौथी मी आणते."

कुठून आलं ते बोलणं? 

चौथी कोण, हे मला आधीच माहीत होतं. सुभद्रा. ती पहाटे शेण गोळा करायच्या निमित्तानं माळावर जायची आणि माझी काठी घेऊन ढेकळं उडवायची, हे तुला ठाऊक होतं का? मारते छान. पण माझी काठी तिच्या तळव्याला बारीक पडते, आणि मी खेळायचं तर मला ती लागणारच. तुझी घ्यावी तर ती तुझ्या उंचीची, तिला लांब पडते. फटका चेंडूमागच्या मातीत बसतो. नवी करावी म्हटलं तर मिस्त्रींनी कळवलं, लढाईमुळे विलायती लाकूड येत नाही, जुन्या काठ्या आणा, त्याच मापाला बसवून देतो. मापाला बसवायचं म्हणजे मुठीचं चामडं सोडायचं, वरचं लाकूड करवतीनं उतरवायचं, पुन्हा गुंडाळायचं. एकदा उतरवलं की पुन्हा वाढत नाही.

काल संध्याकाळी दाजी जेवून उठले तेव्हा मी बोलले. 

"दाजी, अक्काच्या काठ्या मला पाहिजेत. सुभद्रेसाठी. कापून घ्यायच्यात."

दाजी सुपारी कातरायला बसले. मग म्हणाले, "तिच्या वस्तूला करवत लावायची न्हाई, गिरजा. तेवढं एक बोलू नकोस."

आत्या आतून ओरडली, "वरीस बी झालं न्हाई अजून! काय घाई हाय?"

दुसरी वेळ असती तर मी गप्प बसले असते. खरं सांगते, पाय मागे वळलेही होते. पण स्वयंपाकघराच्या दारात सुभद्रा उभी होती, तुझी हिरवी इरकल नेसून. तिनं मान खाली घातली होती, हे आपल्याला मिळणार नाही हे धरून चालल्यासारखी. मी वळलेली परत वळले.

"दाजी, सुभद्रेच्या अंगावर आत्ता अक्काचं लुगडं आहे. अक्का उंच होती, म्हणून तिनं ते वरून दुमडून घेतलंय. तुम्ही रोज बघता. दुमडलेलं बघून तुम्हाला कधी वाईट वाटलं का?"

"लुगडं घडी मोडून सरळ व्हतंय. लाकूड व्हतंय का?"

"नाही होत. म्हणूनच तुम्हाला विचारतेय. पण खुंटीवर राहिल्या तर त्या कुणाच्याच मापाच्या राहणार नाहीत. अक्काच्या तर नाहीतच."

एवढं बोलून माझे डोळे भरले.  सुभद्रा म्हणाली, "राहू द्या ताई," आणि मी पहिल्यांदाच कुणाला तरी दटावलं, "तू गप बस गं!" अगदी तुझ्यासारखं निघालं ते. आत्या पण दचकली.

दाजी उठले. त्यांनी खुंटीवरून काठ्या उतरवल्या, धोतराच्या सोग्यानं त्यांच्यावरचं वाळलेलं कुंकू पुसलं. एकेक काठी, सावकाश, सगळ्या बाजूंनी. मग सुभद्रेकडे बघून म्हणाले, "तिच्यावानी मारायला गेलीस तर खांदा निसटंल. आपल्या बेतानं मार." आणि बाहेर निघून गेले.

अक्का, मी आज तुझी परवानगी मागत नाही, तुला फक्त सांगतेय. तू असतीस तर आधी शिवी हासडली असतीस आणि मग स्वतःच करवत मागितली असतीस, असं मला वाटतं. तसं नसेल, तुला खरंच दुखलं, तरी मी हे करणारच. एवढंच लिहायला मला सारा दिवस लागला.

मिस्त्री काठी कापतील तेव्हा मी शेजारी उभी राहीन, बाहेर जाणार नाही. सुभद्रेचं माप, बुटांत की अनवाणी, ती मैदानावर जशी उभी राहील तसं नीट बघून घेईन, आणि तिच्या मुठीचं चामडं गुंडाळून झालं की पहिल्यांदा ती काठी तिच्याच हातात जाईल. माझ्या नाही.

आणि एक वचन देते. कापून पडलेले ते तीन तुकडे मी घरी आणणार नाही. आणले तर आत्या ते देव्हाऱ्यात मांडील, दाजी उशाशी ठेवतील आणि मी पेटीच्या तळाशी लपवीन. ते तिथेच मिस्त्रींच्या भुशात पडू देईन आणि सुभद्रेला घेऊन मैदानावर जाईन.

तुझी,
गिरजी