पाणी नको

अंबरनाथ, १२ ऑगस्ट १९८८

ती. अण्णांना शालनचा सविनय जयभीम.

मी बरी आहे, हे आधी वाचा. आईच्या गुडघ्याला आराम पडला का?

काल दुपारी कंपनीत फॉस्फरस ट्रायक्लोराइडचा ड्रम गळला. दिसायला ते अगदी पाण्यासारखं. एका फॉस्फरसला तीन क्लोरीन धरून असतात. पाणी लागलं की ते सुटतात आणि ॲसिडचा पांढरा धूर उसळतो. या दिवसांतल्या दमट हवेतसुद्धा तो निघतो.

आमचे ऑपरेटर हिरामणदादा घाबरून पाण्याचा पाइप घेऊन धावले. मी लॅबमधून ओरडले, "पाणी नको, दादा! सुकी रेती टाका!" पण धार सुटली होती. मी धुरात शिरून नळ बंद केला. मग सगळ्यांनी रेती ओतली.

दादांना ऑक्सिजन लावलाय. मलाही दवाखान्यात ठेवलंय. मी थोडी खोकते, एवढंच. पण डॉक्टर म्हणाले, "हा धूर छातीला उशिरा त्रास देतो. दोन दिवस लक्ष ठेवावं लागेल." तेव्हापासून डोळे मिटायची भीती वाटते.

आईला यातलं काही सांगू नका. तुम्ही येऊ नका, असंच लिहिणार होते. पत्र पोचेपर्यंत ते दोन दिवस उलटूनही जातील. तरी या, अण्णा.

तुमची,
शालन