तबकातलं पाकीट

॥ श्री ॥
स्टॅनमोर, ६ सप्टेंबर २००९

चि. उल्हास यास ताईचे अनेक आशीर्वाद.

गणपतीला मोदकांचा डबा नेलास, तो परत येण्याची आशा मी सोडली आहे. बाकी सगळे खुशाल.

एक मनात सलतंय. रविवारी रविवारी फोनवर तू ईशानीला अथर्वशीर्ष शिकवलंस. माझ्या नातीने गणपतीच्या दिवशी तुझ्यासाठी तासभर सगळ्यांना थांबवलं आणि मग दाराकडे बघत बघतच म्हटलं. तू उशिरा येऊन ट्रेन लेट होती म्हणालास. ईशानीचा बाबा नकुल म्हणतो, त्याने नेटवर पाहिलं, ट्रेन वेळेवर होती.

नंतर ईशानीने तुला बागेतल्या शेडमागे पाहिलं. ती मला विचारते, मामाआजोबाचा पेन केटलसारखा वाफ का करतो? त्या इलेक्ट्रिक सिगरेटला वासच नाही, मला कसं कळणार? बाबांच्या कोटाला तरी तंबाखूचा वास यायचा. त्यांना त्यानेच नेलं, तरी तो वास मला अजून आवडतो. हे तुला कधी सांगितलं नव्हतं.

गेल्या भाऊबीजेला तू तबकात ओवाळणी म्हणून सिगरेटचं पाकीट ठेवलंस आणि आता सिगरेट कायमची बंद म्हणालास. यंदा तबक भरताना मी काय समजू, तेवढं कळव.

चि. सौ. मंजिरीला आशीर्वाद. रागावले आहे, पण माया तसूभर कमी नाही.

तुझी,
लीलाताई

कॉव्हेंट्री, २७ सप्टेंबर २००९

ती. ताईस साष्टांग नमस्कार. वि. वि.

ट्रेन वेळेवर होती. माझ्या यंत्राची बॅटरी रग्बी स्टेशनालाच संपली. तलफ आवरेना. मिल्टन कीन्सला उतरून सिगरेटी घेतल्या, स्टेशनबाहेर दोन ओढल्या, लाज वाटून तिथेच बाकावर बसून राहिलो. दोन ट्रेन समोरून गेल्या.

वर्षभर मी स्वतःला समजावत होतो की धूर नाही, राख नाही, म्हणजे ताईला दिलेला शब्द मोडला नाही. पण सिगरेट निदान जळून संपायची आणि मी घरात परतायचो. हे संपतच नाही. ऑफिसात, बाथरूममध्ये, गाडीत, सतत तोंडात. ईशानी फोनवर एक ओळ म्हणायची, तेवढ्यात मी एक झुरका घ्यायचो. तिच्या किती ओळी मी नीट ऐकल्या, देव जाणे.

आज पंधरा दिवस झाले, बंद आहे. मंजिरीला वाटतं, खोकल्यामुळे सोडलं. खोकला होताच, पण तो तर दोन वर्षांचा. पोर दाराकडे बघत होती हे तू लिहिलंस, ते पत्र मी आठवडाभर खिशात घेऊन फिरलो.

बंद केल्याचं तुला आधी कळवलं नाही, कारण तबकात शब्द ठेवला की मोडल्यावर तोंड दाखवता येत नाही. आता यंत्र आणून तबकात ठेवू का? तू म्हणशील तसं.

डबा सापडला. झाकण शोधतोय. रागावलीस तरी चालेल, पण लिहीत राहा.

तुझा,
उल्हास

॥ श्री ॥
स्टॅनमोर, ३ ऑक्टोबर २००९

चि. उल्हास यास अनेक आशीर्वाद.

पत्र दोनदा वाचलं. यंत्र आणू नकोस. तिथेच कौन्सिलच्या रिसायकलिंगला दे.

आता माझी कबुली. तुझं ते पाकीट मी टाकलंच नव्हतं. देवघराच्या खणात, कापराच्या डबीमागे ठेवलं होतं. कधीमधी उघडून वास घ्यायची, बाबांची आठवण म्हणून. माझ्या कॉन्व्हेंट शाळेतल्या सिस्टरांनी पाहिलं असतं तर गुडघ्यांवर बसवलं असतं. तुझा शब्द मी मौल्यवान वस्तूसारखा जपला, आणि तो मोडला तर मला सांगायची वाट मात्र तुला ठेवली नाही. आज पाकीट कचऱ्याच्या बिनमध्ये टाकलं. खणाला वास राहिलाय, तो जाईल हळूहळू.

पुन्हा तलफ आली तर मला फोन कर. आधी रागवीन, मग ऐकून घेईन.

भाऊबीजेला ईशानी पुन्हा अथर्वशीर्ष म्हणणार आहे. सकाळची ट्रेन धर. तबकात काही ठेवायचं नाही. मोकळ्या हातांनी ये, आणि तिच्यासमोर पाटावर बस. तिला दाराकडे बघायला लावू नकोस.

झाकण नाही मिळालं तरी डबा आण. आहे ती माया अशीच राहू दे.

तुझी,
लीलाताई