बाकातून आलेला सूर

सेक्टर ६, भिलाई
डिसेंबर १९६२, सोमवार, संध्याकाळ

कालपासून तेच डोळ्यांपुढे. वर्षापूर्वी तापात यांचे कान गेले, तेव्हापासून हे कुठे येतच नव्हते. शेजारच्या मरियम्माबाई नागपूरला त्यांच्या जुन्या चर्चमध्ये गाणार होत्या. “भैया को भी लाना,” म्हणून हटूनच बसल्या. यांना मी खुणेनं सांगितलं, तुम्ही चित्रं पाहा.

खिडकीच्या निळ्या काचेत बाळ घेतलेली आई होती. हे तिच्याकडेच पाहत बसले. मग ऑर्गन सुरू झाला, आणि बाकावर टेकलेला यांचा हात...

“मले आयकू येऊन राहिलं! लाकडातून येऊन राहिलं!”

केवढ्यानं ओरडले! सगळे वळून पाहू लागले. मला लाज का वाटली? वाटायला नको होती. मरियम्माबाई तर गाता गाता रडत होत्या. त्या बाईचे उपकार मी कसे विसरू? त्या हट्टाला पेटल्या नसत्या तर?

आज ड्यूटीवरून आल्यावर चहाही न घेता यांनी माझ्या पाठीवर तळहात टेकला.

“गा न काही.”

काय गावं, सुचेना. जात्यावरची ओवी म्हटली. दुसऱ्या ओळीला पाठीवर ताल पडू लागला.