बंद पंख्यांचं मशीन

सोमवार, ३ तारीख

आलो एकदाचे! इतके दिवस घरी बसून सासुरवाडीचे टोमणे गिळल्यावर थिएटरात ऑपरेटरची नोकरी मिळाली, वर राहायला खोली फुकट. खोली माडीवर, प्रोजेक्टरच्या केबिनला लागून; मधे एक भिंत आणि एक दार. बायकोने आधी नाक मुरडलं, मग स्वतःच दोरी बांधून कपडे वाळत घातले. आमच्या लेकीला, ठमीला, ती भिंतच आवडली. मशीनमुळे कोमट असते ना! तिने आपली गादी थेट भिंतीपाशी ओढून नेली. मालक बोलायला फार गोड. मशीन घरच्यासारखं सांभाळा, म्हणाले.

बुधवार, ५

मशीन डिजिटल असलं तरी जीव म्हाताऱ्याचा. आत गार हवा खेळवणारे सहा पंखे, त्यातले दोन मेलेले. एक जरी थांबला तरी मशीन स्वतःहून दिवा विझवतं आणि शो बंद पडतो. मालकांकडे नवे पंखे मागितले. त्यांनी आधीच्या ऑपरेटरने इकडून तिकडून काढून ठेवलेल्या जुन्या पंख्यांचा डबा हातात ठेवला. बसवून टाका, त्यात काय एवढं, म्हणे. उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं! बसवले. फिरले. दुपारचा शो निभावला.

शनिवार, ८

डब्यातला एक पंखा बंद. आज मी ते केलं, जे या धंद्यात सगळे करतात आणि कुणी कबूल करत नाही. पंखा फिरतोय हे मशीनला कळवणारी एक बारीक तार असते. चालू पंख्याच्या त्या तारेला फाटा काढून मेलेल्याच्या जागी जोडला. मशीनला वाटतं, सगळे फिरतायत. मशीनशी खोटं बोललं की शो चालतो, मालकाशी खरं बोललं की नोकरी जाते.

दारावर तिकिटं फाडणारे काका म्हणाले, आधीचाही हेच करायचा. त्याला धाप लागायची. शो चालू असताना याच खुर्चीत गेला. सिनेमा संपेपर्यंत कुणाला पत्ता नाही. मालकांनी धावत येऊन पहिलं विचारलं ते, शो पूर्ण झाला ना?

सोमवार, १०

आणखी चार पंखे गेले. फाटे वाढवले. तरी मशीन थंडगार. मागच्या जाळीवर तळहात धरला, तर हवा येत होती. पण सलग नाही. येते, थांबते, आत ओढली जाते, पुन्हा येते. ओलसर आहे.

ठमीला ताप नाही, खोकला नाही, नुसती धाप लागते. डॉक्टर म्हणाले, छाती साफ आहे. बायको म्हणते, ही खोली सोडू या. मी तिच्यावर खेकसलो. फुकटची खोली काय वाटेत पडलीय?

मंगळवार, ११

शेवटचा पंखाही थांबला. मग ती तार आता कुणाची खबर देतेय? दिवा जळतोय. चित्र स्वच्छ. जाळीवर हात ठेवून दारातून ठमीकडे पाहिलं. तिची छाती खाली, हवा बाहेर. छाती वर, हवा आत. एकदाही चुकलं नाही.

आधी त्या आधीच्या ऑपरेटरचा श्वास. आता माझ्या पोरीचा.

बुधवार, १२

एरवी रात्री आम्ही फक्त दिवा विझवतो, मशीनची वीज तोडत नाही. आज भर दुपारी मेन स्विच खाली ओढला. बायको किंचाळली. ठमी निळी पडलेली, श्वासच नाही. स्विच वर केला — मशीन सुरू, ठमी सुरू. तिला उचलून जिन्यापर्यंत नेलं, तर तिथेही श्वास थांबला; परत आणलं.

खोटं मी बोललो, भरतेय ती. चोर सोडून संन्याशाला फाशी.

गुरुवार, १३

मशीनपुढून हललो नाही. मालकांच्या पाया पडलो, बंद करू नका म्हटलं. सगळं खरं सांगितलं. त्यांनी पाठीवरून हात फिरवला. दमलात, चार दिवस सुट्टी घ्या, म्हणाले. आणि मोठ्या मनाने — नवे पंखे मागवलेत. सहाच्या सहा.

शुक्रवार, १४

मालकांबरोबर मेकॅनिक आला. मी केबिनला आतून कडी घातलीय. स्विच माझ्या पाठीशी. तो बाहेरून समजावतोय, मशीन बंद करून पुरतं निवल्याशिवाय पंखे बदलता येत नाहीत, अर्ध्या तासाचं काम आहे —

अर्धा तास!

बायको पलीकडे ठमीला थोपटतेय. ऐकू येतंय.

मालकांचं ओरडणं थांबलं. जिन्यावर पावलं — खाली चाललेत. खाली का —

थिएटरचा मोठा स्विच. तिकीटखिडकीमागे. डोक्यातच आलं नाही — काकांना हाका मारतोय, धरा त्यांना, धरा —

एक हात जाळीवरच आहे. हवा येतेय. आत गेली. येतेय. आत गेली. आता बाहेर यायला हवी. आता —