आनंदाच्या टिपाडात निम्मंच पाणी

चिकलठाणा, छत्रपती संभाजीनगर
१४ एप्रिल २०२४

तीर्थरूप बिरूमामांना,

तुमच्या एकुलत्या एक मास्तर भाच्याचा, म्हणजे रामेश्वरचा, साष्टांग नमस्कार. मामींनाही तोच, आणि मेंढरांना वयाप्रमाणे आशीर्वाद. आई तिच्या शेळीसकट पैठणला तुमच्या तळावर सुखरूप पोचल्याचं कळलं आणि जीव भांड्यात पडला. तुमचा गुडघा कसा आहे? धरणाचं पाणी आत सरकलंय आणि उघड्या पडलेल्या गाळात मेंढरांना थोडा चारा मिळतोय असं ऐकतो. आमच्याकडं नळाला आठ दिवसांनी पाणी येतं, समोरची इमारत मात्र रोज वाढते. (फोनच केला असता, पण तुम्ही फोन हातभर लांब धरून बोलता आणि सगळा तळ ऐकतो.)

तर मामा, माझी नोकरी वाचली. आधी हे सांगून टाकतो, म्हणजे पुढचं तुम्ही निवांत वाचाल. झालं असं, की शाळेत चित्रकलेचे तास कमी झाले आणि मी 'अतिरिक्त' ठरलो. अतिरिक्त म्हणजे माणूस शाळेत दिसतो, पण कागदावर नसतो. अशा माणसाला मग जिल्ह्याच्या पार टोकाला, सोयगावकडं पाठवतात. तेवढ्यात वरून एक योजना आली: मुलांना गणित-भाषेबरोबर राग, भीती, दुःख सांभाळायलाही शिकवा. योजना चांगली आहे, मी तिची चेष्टा करत नाही. तिच्यात निधी होता, स्वतंत्र खोली होती, खोलीला पडदे होते. मुलांशी बोलायला समुपदेशकाचं पदसुद्धा मंजूर होतं, फक्त त्या पदावर तूर्त कुणाला नेमू नये असं खालच्या ओळीत लिहिलं होतं. आमच्या मुख्याध्यापकांनी, अप्पाराव सरांनी, सगळ्या शाळेवर नजर फिरवली आणि माझ्यावर थांबवली. मी चित्रं काढतो, म्हणजे मला भावनेतलं कळत असणार, असा त्यांचा हिशोब. अट एवढीच की तपासणीच्या दिवशी खोली चालू दिसली पाहिजे आणि मुलांशी बोलणारं माणूस दिसलं पाहिजे. नाहीतर खोलीला कुलूप आणि मला सोयगाव.

निधी मार्चच्या शेवटच्या आठवड्यात आला (तो तेव्हाच येतो) आणि एकतीस तारखेच्या आत संपवायचा होता. यादीत होतं, 'भावनापेट्या, पाच नग'. क्रांती चौकाजवळची तीन दुकानं फिरलो. दुष्काळामुळं तिन्ही दुकानांत दोनशे लिटरच्या निळ्या टिपाडांशिवाय काही नव्हतं. पेटीला झाकण असतं तसं टिपाडालाही असतं, असं मनाचं समाधान करून पाच टिपाडं आणली, खोलीबाहेर अंगणात मांडली, त्यांच्यावर तोंडं रंगवली आणि नावं घातली: आनंद, दुःख, राग, भीती, लाज. आज ज्याला जे वाटतंय त्यानं त्या टिपाडात चिठ्ठी टाकायची. पहिल्या दिवशी सगळी शाळा आनंदात निघाली. नंतर लक्षात आलं, आनंदाचं टिपाड तेवढं सावलीत होतं. तिसऱ्या दिवशी न सांगता टँकर आला. खिचडी शिजवणाऱ्या दगडाबाईंना पाच रिकामी टिपाडं दिसली. मी वर्गातून धावत येईपर्यंत भावना काठोकाठ भरल्या होत्या आणि वर चिठ्ठ्या तरंगत होत्या. आता टँकरचं पाणी ओतून द्या असं म्हणायची छाती माझ्यात नव्हती, कुणात असेल असंही वाटत नाही.

दोन दिवसांनी तपासणीच्या मॅडम आल्या. त्यांनी झाकणं उघडून पाहिली आणि आनंदाशी थांबल्या.

"आनंद निम्माच का?"

"लेकरं पितेत ना, मॅडम," दगडाबाई म्हणाल्या. "दुःखातलं भांड्यायला हाय, रागातलं संडासाला. भीतीतलं अजून हात लावला नाय."

"आणि ही लाज कोरडी?"

"तिला बुडातून भोक हाय."

अप्पाराव सरांनी डोळे मिटले. मी मनात सोयगावच्या एसटीत बसलो होतो आणि खिडकीची जागाही मिळाली नव्हती. मॅडमनी वही काढली आणि विचारलं, मुलांशी बोलतं कोण?

आता आईचं सांगतो. विहीर आटल्यावर ती गावाहून माझ्याकडं आली, तेव्हापासून दुपारी खिचडीच्या वेळेला शेळी घेऊन शाळेच्या ओसरीवर येऊन बसायची, सांडलेलं शेळीला चारायची. तिची पद्धत तुम्हाला ठाऊकच आहे: कळप रवंथ करत बसला की जे एक उभं असतं, त्याच्याकडं आधी जायचं. तिला आमच्याकडची सुकेशनी दिसली. पाचवीतली, आईबाप समोरच्या इमारतीच्या कामावर. दोन महिने ती कुणाशी अक्षर बोलली नव्हती. मी तिच्यासाठी भावनांचा तक्ता केला होता, रंगीत. आईनं तिच्या हातात शेळीचा दोर दिला.

त्या दिवशी मॅडम वही घेऊन वळल्या, तेव्हा दोघी ओसरीवर बोलत होत्या.

"ओळख करून काय करू? शेवटचा स्लॅब पडला की आमी जाणार," सुकेशनी म्हणत होती.

"आमीबी लई हिंडलो, बाई," आई म्हणाली. "पर ज्या वाटेनं गेलो त्याच वाटेनं पुन्हा आलो. त्या पोरीचं नाव इचारून ठेव. माघारी आल्यावर हाक कुणाला मारशील?"

पोरगी उठली, वर्गातल्या एकीपाशी गेली आणि तिचं नाव विचारलं. मॅडमनी ते पाहिलं. मग त्यांनी विचारलं, ह्या कोण? मी काय ते उत्तर दिलं. किती वर्षांचा अनुभव, असं त्यांनी आईलाच विचारलं. आई म्हणाली, पन्नास वरीस मेंढरं राखली. मॅडमनी लिहिलं, 'मानद समुपदेशक, क्षेत्रीय अनुभव पन्नास वर्षे', आणि खाली शेरा मारला, 'खोली चालू ठेवावी'. मामा, मी त्या रात्री तीन महिन्यांनी पोटभर जेवलो.

मामींना सांगा, भाचा आता अतिरिक्त नाही.

आपला,
रामेश्वर

ता. क. : खरं काम राहिलंच. तेवीस तारखेला पुण्याहून एक समिती आमची पद्धत बघायला येतेय, आणि पद्धत तुमच्या तळावर मुक्कामाला आहे. आईला बावीसपर्यंत पाठवा. शेळीसह.

आणखी एक : पत्र टाकायचं राहिलं, तेवढ्यात निरोप आला. विश्रामगृहात पाणी नाही म्हणून समितीचा दौरा रद्द. शेरा तसाच आहे, नोकरीला धोका नाही. म्हणजे आईवाचून आता कुणाचं कागदावर अडत नाही. तरी पाठवा.

शेवटचं : 'ह्या कोण?' ला मी काय उत्तर दिलं ते वर लिहिलं नाही. मी म्हणालो, "शेजारच्या बाई आहेत, बसतात अशाच." आईनं ऐकलं. तिनं तुम्हाला गुडघा बघायला आले असं सांगितलं असेल. ती घरातून निघाली तेव्हा 'येते' म्हणाली नाही, मामा. तिला काळीपिवळीत बसवा, शेळीच्या जागेचे पैसे मी देतो. फक्त शाळा सुटायच्या वेळेला पोचेल असं बघा. तेव्हा गेटवर सगळे असतात. ओळख मी करून देईन.